मिटता चाकू

आमच्याकडे कोयता अंगावरच्या कपड्यांत मोजतात. ठाकूरवाडीतला किंवा कातकरवाडीतला माणूस घराबाहेर पडला की कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता असायचाच. कोयता आकडीत अडकवला की दोन्ही हात मोकळे. झाडावर चढा, मोळी उचला, पोर कडेवर घ्या. बायकांच्याही कमरेला असे. कातकरी हे नावच कातावरून पडलेलं. खैर तोडायचा, गाभा तासून काढायचा, उकळायचा. पात्याशिवाय त्यातलं काही होत नाही. त्यामुळे कर्जतच्या बाजारात कमरेला कोयता लावलेला माणूस दिसला म्हणून कुणी दचकत नाही. तो हॉटेलात बसून वडा खातो, कोयत्यासकट.

मला मात्र कोयत्याचा उपयोग नव्हता. मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरला अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. कर्जतला गाडी धरायची, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, की खोपोली. सकाळी जाताना डबा, संध्याकाळी आल्यावर शेतावर चक्कर. दोन्हीकडे चालेल असं एकच हत्यार हवं होतं. ते खिशात मावायला हवं आणि गाडीत शेजारच्याला टोचायला नको. म्हणजे मिटता चाकू.

हा चाकू दिवसाकाठी किती कामं करतो ते ज्याच्या खिशात तो नसतो त्याला कळायचं नाही. स्टोअरमध्ये खोक्यांच्या पट्ट्या आणि सुतळ्या. घरी आल्यावर मोटारीच्या वायरचं प्लास्टिक सोलणं, फुटलेल्या पाइपला बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी कापणं, बांबूची कामटी तासणं. पहिल्या पावसानंतर शेवळं उगवली की ती बुडाशी कापणं. मांडवावरची तवशी. पायात मोडलेला बोराटीचा काटा. युरियाच्या गोणीची शिवण खरं तर कापायची नसते, एका टोकाचा नेमका दोरा ओढला की सर्रकन उसवते. पण तो दोरा भिजला आणि बोटं चिखलाची असली की चाकूच आठवतो.

बाबांचे चाकू साजगावच्या जत्रेतले असत. कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळ ताकई-साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, ती पंधरा दिवस चालते. विठोबा आणि सुके बोंबील ही जोडी ऐकून घाटावरचे पाहुणे हसतात. हसू देत. भात कापून हातात चार पैसे येतात तो हाच काळ. एकीकडे बोंबलांचे ढीग, एकीकडे घोंगड्या, बैल, आणि एका कडेला लोखंडाचा माल. विळे, कोयते, अडकित्ते, चाकू. बाबा दर दोन-तीन वर्षांनी तिथून एक चाकू आणायचे. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पात्यावर नखाची खाच. खाचेत नख घालून पातं ओढायचं. त्याला कळ नव्हती. पाठीला एक कमान, तिच्या जोरावर पातं उघडं राही एवढंच. नवा असताना कमान कडक असे आणि नख मोडे. वर्षभरात ती मऊ पडली की बाबा खूश. म्हणायचे, आता कसा हातात बसला.

१९८७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. राजनाल्याच्या कालव्याला पाणी सोडलेलं होतं. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून वीज करून खाली आलेलं हे पाणी, त्यावर आमच्या बाजूला उन्हाळी भात होतं. दिवस मावळता मावळता आमचा पवळ्या बैल काठावरून घसरून कालव्यात गेला. दाव्याचा पीळ पाण्यातल्या करंजाच्या मुळीत अडकला आणि बैल जितका वर यायला धडपडे तितकं दावं मानेला आवळत चाललं. बाबांनी उडी टाकली. डाव्या हाताने शिंग धरलेलं, उजव्या हातात चाकू. आता मिटता चाकू एका हाताने उघडायचा कसा? त्यातून बोटं ओली, नख खाचेतून सटकतंय. शेवटी त्यांनी पातं दातात धरून उघडलं.

दावं नायलॉनचं. काथ्याची किंवा अंबाडीची दोरी पात्याला धरते, नायलॉन पात्याखालून निसटतं. त्यांनी पातं मागेपुढे घासायला सुरुवात केली. मागे ओढताना टोक दाव्यात अडकलं, चाकूवर उलटा जोर आला आणि पातं मिटलं. मध्ये त्यांची तर्जनी होती.

त्यांनी पुन्हा दातांनी चाकू उघडला आणि दावं कापलं. पवळ्या त्यानंतर नऊ वर्षं आमच्याकडे औताला होता. बोटाला टाके पडले, कातडी सांधली, पण आतली शीर तुटली ती तुटलीच. बोट पुन्हा वाकलं नाही. मूठ वळली तरी तेवढं एक सरळ. नांगराची मूठ धरली की ते बोट बैलाकडे रोखलेलं राही, आणि आम्ही पोरं म्हणायचो, बाबा पवळ्याला दम देतायत. हसण्यावारी जायचं. पण आवणीला ते हसण्यावारी गेलं नाही. भाताच्या मुठीतून दोन-चार काड्या चिमटीत सोडवायच्या आणि चिखलात खोवायच्या, याला अंगठ्याइतकीच तर्जनी लागते. बाबा आवणीच्या रांगेत मागे पडू लागले. दुसऱ्या वर्षी ते आपणहून बांधावर चढले आणि मुठी फेकायला लागले. आमच्याकडे ते पोरासोरांचं काम. बाबा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

त्यांनी चाकूला कधी बोल लावला नाही. "कमान म्हातारी झालती," एवढंच. तो चाकू त्यांनी पुढेही वापरला.

दिवाळीनंतर घिसाडी यायचे. अजूनही येतात, पूर्वी बैलगाडीतून, आता टेम्पोतून. रस्त्याच्या कडेला भाता लावून ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचे विळे-कोयते करून देतात. तो पोलाद चांगलाच असतो. ट्रकखाली वर्षानुवर्षं वाकून सरळ झालेला, पाणी नीट दिलं की धार धरतो. एका वर्षी मी त्यातल्या म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, मिटायचा चाकू करशील का? त्याने हातातला हातोडा खाली ठेवला, म्हणजे प्रश्न त्याला आवडला असावा. म्हणाला, "पातं देतो, मूठ देतो. मिटायचं आमचं काम नाय." मग त्याने राखेत काडीने आकृती काढून दाखवली. खिळ्याचं भोक, पात्याचं बूड आणि कमान, तिन्ही एकमेकांना केसाइतकी जुळावी लागतात. भोक जरा मोठं झालं की पातं खुळखुळतं, बूड जरा कमी घासलं की कमान धरत नाही. हातोड्याच्या मापात ते बसत नाही.

त्या दिवसापासून चाकूच्या दुकानात मी पात्याकडे शेवटी बघतो. पातं गावातही मिळतं. पैसे मोजायचे ते सांध्याचे.

हे सगळं ज्ञान कामाला आलं ते पुतणीच्या वेळी. कृषी पदविका करून ती नेरळजवळच्या एका नर्सरीत लागली. आंब्याची कोय कलमं, पाचर कलमं बांधायचं काम. कलमाचा चाकू वेगळाच असतो. त्याला एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सपाट येतो आणि खुंट-काडी एकमेकांना चिकटून बसतात. त्या चाकूने दुसरं काही कापायचं नसतं. सुतळी कापली, खताची पिशवी फाडली की धार गेली आणि कलमं मरायला लागली. तेव्हा बाकीच्या शंभर कामांसाठी तिला स्वतःचा चाकू हवा होता. "काका, तीनशेच्या आत," तिने आधीच सांगितलं. पहिला पगार व्हायचा होता.

वहिनींना ते पटलं नाही. "भावजी, लग्नाच्या पोरीच्या पिशवीत चाकू ठेवायचा?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही सकाळ-संध्याकाळ विळीवर बसता."

"विळी घरात असते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाडीतल्या बायका कमरेला कोयता लावून आमच्या दारावरून रोज जातात, हे त्यांना मी दाखवून दिलं असतं. पण त्या म्हणाल्या असत्या, त्यांचं निराळं. म्हणून मी गप्प बसलो आणि पुतणीला गाडीवर मागे बसवून कर्जतला घेऊन गेलो.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, "ताईंना सेफ्टीसाठी का?" मला राग येतो या प्रश्नाचा. चाकू काढून कुणाच्या अंगावर जायचं म्हटलं तर ज्याच्या अंगात जोर जास्त त्याच्याच हातात तो जातो. संकटात मुलीने पळावं, ओरडावं, लोक गोळा करावेत. पुतणीने शांतपणे सांगितलं, "मला सुतळी कापायचीय." दुकानदार थोडा हिरमुसला आणि त्याने माल काढला.

पहिला आला खटक्याचा. बटण दाबलं की फट्टकन पातं बाहेर. हिंदी सिनेमाने रामपुरीचं जे करून ठेवलंय त्यामुळे असा चाकू हातात घेतला की आपल्याच चेहऱ्यावर खलनायक येतो. शिवाय त्यातली स्प्रिंग पातं उघडायला असते. उघडलेलं धरून ठेवायला दुसरी कळ लागते आणि स्वस्तात ती यथातथाच. बाजूला ठेवला. दुसरं एक अकरा कामांचं यंत्र, चाकू, करवत, पक्कड, बाटली उघडणी, सगळं एकात आणि सगळंच डुगडुगणारं. तिसरा लाल, स्वित्झर्लंडच्या चाकूची नक्कल. खरा स्विस चाकू मी पाहिलाय, आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांकडे होता. १८९१ पासून तिकडच्या सैनिकांना असे चाकू देत आलेत. त्याचा सांधा म्हणजे घड्याळाचं काम. पण साहेबांच्या त्या लहान चाकूलाही बाबांच्या चाकूसारखी नुसती कमानच होती, आणि किंमत आमच्या हिशेबाबाहेरची.

फ्रान्सचा ओपिनेल मात्र माझ्याकडे स्वतःचा होता, मित्राने आणून दिलेला. जोसेफ ओपिनेल नावाच्या कारागिराने १८९० च्या सुमारास केलेला शेतकऱ्याचा चाकू. लाकडी मूठ, आणि मुठीच्या तोंडाशी पत्र्याचं एक कडं. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटत नाही. हे कडं १९५५ मध्ये आलं. इतकी साधी गोष्ट, आणि १९८७ मध्ये आमच्या कालव्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. तो चाकू मला फार आवडतो. पण आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आषाढ संपेपर्यंत मूठ फुगली आणि पातं आत असं रुतलं की मुठीचं बूड लाकडावर ठोकून ठोकून बाहेर काढावं लागलं. दिवाळीनंतर आपोआप नीट झाला. तो चाकू कोरड्या मुलखाचा.

शेवटी दुकानदाराने काढला तो बिननावाचा, काळ्या प्लॅस्टिकच्या खरखरीत मुठीचा. तीन इंच पातं. पात्याला एक गुंडी, अंगठ्याने लोटलं की एका हाताने उघडतं. आणि आत एक पोलादी पट्टी. पातं पुरतं उघडलं की ती खट्ट करून सरकते आणि पात्याच्या बुडाशी ठाण मांडते. पट्टी अंगठ्याने बाजूला केल्याशिवाय चाकू मिटत नाही. किंमत दोनशे ऐंशी.

पात्यावर ४४० असा आकडा कोरलेला होता. दुकानदार म्हणाला, एकदम हाय क्वालिटी. ४४० मध्ये अ, ब, क असे प्रकार असतात आणि त्यांत कार्बन कमीजास्त असतो. आकड्यापुढे अक्षर नसलं की बहुतेक तो अ, म्हणजे तिघांत सर्वांत मऊ. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मऊ पोलादाची धार लवकर जाते पण लवकर लागतेही, आणि गंजत नाही. चहाच्या कपाचं बूड उलटं करा, खालची कडा चकाकी नसलेली, खरखरीत असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा पातं ओढलं की सुतळीपुरती धार येते. कडक पोलादाला ते चालत नाही, त्याला चांगला निसणा लागतो आणि फुरसत लागते. नर्सरीत दोन्ही नाहीत.

मी एकामागून एक सहा चाकू उघडून पाहिले. दुकानदार कंटाळला. मिटलेला चाकू तोंडाकडून पाहायचा, पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये आहे का. एका बाजूला टेकत असेल तर सांधा तिरका. मग उघडून पात्याचं टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवायचं. मग बोटं पात्याच्या वाटेतून काढून, मूठ नुसती तळव्यात दाबून, पात्याची पाठ दुकानाच्या फळीवर टेकवायची आणि जोर द्यायचा. पट्टी सरकली तर चाकू परत. सहातले दोन असे फळीवरच मिटले. बाहेरून सहाही सारखे. खिळ्याऐवजी स्क्रू आहे ना हेही बघायचं, म्हणजे ढिला झाला की आवळता येतो. शेवटी दोन घेतले, एक तिला, एक मला. घासाघीस करून दोन्ही मिळून साडेपाचशे.

घरी आल्यावर पुतणीने आजोबांच्या हातात चाकू दिला. बाबा तेव्हा होते, दिसायचं कमी. त्यांनी पातं उघडलं, ते खट्ट ऐकलं, मिटायला गेले तर मिटेना. दोनदा ढकलून पाहिलं. मग ते सरळ बोट त्या पट्टीवरून फिरवत राहिले, बराच वेळ. काही बोलले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी पिशवीचा विषय काढला नाही.

नर्सरीत कुंड्या उचलायला आमच्याच वाडीतला एक कातकरी पोरगा होता, वीस-बावीसचा. त्याला पुतणीचा चाकू फार आवडला. त्याने आठवड्याचा पगार झाल्यावर त्याच दुकानातून तसाच आणला, फळीवर टेकवून पारखून. गणपतीच्या दिवसांत एका रात्री मी त्याला गाडीवर मागे बसवून घरी येत होतो. एका नाक्यावर तपासणी चालू होती. खिसे पाहिले. दोघांच्या खिशांत एकच चाकू निघाला, काळा, तीन इंची.

माझा लगेच परत मिळाला. "काका, फळं कापायला का?" एवढंच विचारलं. त्याचा मिळाला नाही. कुठून आणला, कशाला लागतो, आधी कुठल्या केसमध्ये नाव आहे का, अर्धा तास. कायदा मला थोडा माहीत होता. स्टोअरमध्ये असताना वाचावा लागला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळली आहेत. पण सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचा हुकूम निघतो. त्यात सुरे, भाले, सोटे, काठ्यासुद्धा येतात. म्हणजे तपासणाऱ्याला हटकायला जागा होतीच. माझं म्हणणं एवढंच होतं की मग दोघांनाही हटका. मी माझा चाकू काढून त्यांच्या जीपच्या बॉनेटवर त्याच्या चाकूशेजारी ठेवला आणि म्हटलं, यातला कुणाचा कुठला ते सांगा. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एक वयस्क हवालदार म्हणाला, जाऊ द्या. चाकू परत मिळाला.

वाटेत पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो नर्सरीत आला तेव्हा त्याच्या कमरेला आकडी होती आणि आकडीत हातभर कोयता. पुतणीने विचारलं तर म्हणाला, "कोयता बरा. कोयत्याला कोण इचारत नाय."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. त्याच नाक्यावरून तो पुढचे दहा दिवस गेला-आला.

त्याचा चाकू आता त्याच्या आईकडे असतो. ती त्याने सुके बोंबील कापते. मिठाने आणि खवल्यांनी सांधा धरला, तेव्हा तिने तो माझ्याकडे पाठवला. मी गरम पाण्यात टाकून ठेवला, जुन्या दातघाशीने पट्टीच्या मागची घाण काढली, सुकवला, खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि स्क्रू पाव आटा आवळला. उघडून फळीवर टेकवून पाहिला. पट्टी हलली नाही. परवा नेऊन दिला.